बनी तो बनी, नहीं तो एसएमपीएस

आवाज करणाऱ्या एसएमपीएसचा विषय निघाला की आमच्या आयटीवाल्या मित्रमंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. "टाक ना यार नवीन! पाचशे-सहाशेची तर वस्तू." झालं, विषय संपला, चहा मागवा. हेच लोक प्रॉडक्शनमध्ये एक ओळ बदलायची तर तीन रिव्ह्यू आणि चार मीटिंगा घेतात. पेज लोड व्हायला दोनशे मिलिसेकंद जास्त का लागले ते शोधण्यात आठवडा घालवतात. पण डेस्कटॉपमधून खर्रर्र आवाज आला की रूट कॉज वगैरे सगळं विसरून थेट अख्खा डबा बदला! माझं या सल्ल्याशी जुनं भांडण आहे आणि आज ते इथे काढतोय. पुण्यात हा सल्ला सहसा अंगाशी येत नाही, म्हणून तो टिकून आहे. आमच्या परभणी जिल्ह्यात येतो.

ज्यांचा डेस्कटॉपशी संबंध सुटून दहा वर्षं झाली त्यांच्यासाठी: कॅबिनेटच्या मागे जिथे पॉवर केबल लागते तो पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतले २३० व्होल्ट एसी घेऊन मदरबोर्डला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करून देणं हे त्याचं काम. आत एक पंखा असतो, तो गरम हवा मागून बाहेर फेकतो. या डब्यात हलणारी वस्तू एकच, ती म्हणजे हा पंखा. त्यामुळे एसएमपीएस 'आवाज करतो' तेव्हा बहुतेक वेळा आवाज करत असतो तो पंखा. बाकी सर्किट बिचारं गुपचूप काम करत असतं.

म्हणजे बघा, सव्वाशे-दीडशे रुपयांचा पंखा खरखरतो म्हणून आपण ट्रान्सफॉर्मर, कॅपॅसिटर, हीटसिंक, वायरींचा जुडगा असं सगळं चालू स्थितीतलं सामान भंगारात देतो. सायकलची घंटी वाजेना म्हणून कुणी सायकल विकत नाही.

आता आवाज कसला आहे ते ओळखायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. कागदाची पुंगळी करून एक टोक कानाला आणि दुसरं टोक मागच्या जाळीपासून थोडं लांब धरा, लगेच कळेल की आवाज इथला आहे का प्रोसेसरच्या पंख्याचा. जाळीतून काडी घालून पंखा थांबवून बघण्याचे उद्योग करू नका, आत थेट मेन्सचा करंट आहे. सुरू केल्यावर खरखर आणि दहा मिनिटांत कमी झाली तर बेअरिंगचं वंगण वाळलंय. एकसारखी टकटक असेल तर एखादी वायर पात्यांना लागतेय. आवाज हळूहळू वाढत जाऊन विमान उडाल्यासारखा होत असेल तर पंखा ठीक असू शकतो, आतली हवाच अडलीय. बऱ्याच एसएमपीएसमध्ये पंख्याचा वेग तापमानावर चालतो, डबा तापला की तो जोरात पळतो. आणि बारीक चिरचिर किंवा शिट्टी, जी स्क्रीनवर काही मोठं काम सुरू झालं की बदलते, ती कॉइलची. तिने कान किटतात, पण पंख्याशी तिचा काही संबंध नसतो.

वंगण वाळलं असेल तर पंख्यावरचं गोल स्टिकर अलगद उचलून शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. काही महिने निघतात. (आमच्याकडे काही थोर लोक खोबरेल तेल घालतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. परभणीची डिसेंबरातली सकाळ ज्याने पाहिलीय त्याला पुढचं सांगायला नको :) ) कायमचा उपाय म्हणजे त्याच मापाचा नवा पंखा. ८० मिमी किंवा १२० मिमी, २५ मिमी जाडीचा, १२ व्होल्टचा, आणि शक्यतो बॉल बेअरिंगचा. उष्णतेत आणि धुळीत साध्या बुशवाल्या पंख्यापेक्षा तो जास्त टिकतो. फक्त शांत हवा म्हणून कमी वाऱ्याचा पंखा बसवू नका. कानाला बरं वाटेल आणि आतले कॅपॅसिटर भाजून निघतील.

"पण एसएमपीएस उघडायचा नसतो, आत शॉक असतो!" हा पुढचा मुद्दा. बरोबर आहे. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसून राहू शकतात. ज्याला मल्टिमीटर लावून ते उतरलेत का हे बघता येत नाही त्याने तो डबा उघडू नये. पण 'तुम्ही उघडू नका' आणि 'कुणीच उघडू नये' यात फरक आहे की नाही? तालुक्याच्या गावात ज्या माणसाने पंचवीस वर्षं रंगीत टीव्ही दुरुस्त केले, पिक्चर ट्यूबच्या वीस-पंचवीस हजार व्होल्टशी रोज गाठ घेतली, त्याला तुमच्या एसएमपीएसची भीती दाखवायची? तो डबा चार स्क्रूंत उघडतो, पंख्याचे आणखी चार स्क्रू, लाल-काळी वायर, सोल्डर, वर स्लीव्ह. वीस मिनिटांचं काम.

इथपर्यंत प्रकरण नुसत्या वाया गेलेल्या पैशांचं होतं. खरी गंमत पुढे आहे. जुना काढून जो नवा बसतो, तो कसा असतो?

लेबलावर ठसठशीत '४५० वॅट'. आता त्याच लेबलावरचा बारीक तक्ता वाचा. आजच्या पीसीत बहुतेक सगळी ताकद १२ व्होल्टच्या लाइनवरून जाते. तिथे जर १४ अँपिअर लिहिलं असेल तर हिशोब करा: १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. बाकीचे वॅट कुठे गेले? ते ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत भरलेले असतात, जिथे आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि हा झाला त्यांनी स्वतः कबूल केलेला आकडा. आत काय आहे ते तळहातावर घेतलं तरी समजतं. डबा हलका लागतो. मेन्समधला कचरा गाळणाऱ्या फिल्टरच्या कॉइलची जागा बोर्डावर छापलेली असते आणि तिथे नुसता तारेचा तुकडा सोल्डर केलेला असतो. मोठे कॅपॅसिटर मोठे नसतात. हीटसिंक म्हणजे पत्र्याची पट्टी. व्होल्टेज हाताबाहेर गेल्यावर डब्याला बंद करणारं जे संरक्षण असायला हवं ते असेल तर असेल.

साध्या ऑफिसच्या कामाचं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन चालताना पन्नास ते ऐंशी वॅटच्या आसपास खातं. म्हणून असला डबा चालून जातो. पुण्यात, एसीच्या खोलीत, सोसायटीच्या बऱ्यापैकी स्थिर व्होल्टेजवर तो तीन-चार वर्षं काढतो, तोवर तुम्ही लॅपटॉप घेतलेला असतो. आणि मग तुम्ही छातीठोकपणे सांगता, "मी तर सहाशेवालाच टाकला होता, काही झालं नाही."

आता तोच डबा सेलू, मानवत, पाथरी पट्ट्यात आणून ठेवा. हा कापसाचा भाग. जिनिंग सुरू झाल्या की हवेत रुईचे तंतू असतात, आणि ते पंख्याच्या पात्यांवर, जाळीवर बसून नमद्यासारखा थर करतात. साधी धूळ ब्लोअरने उडते, हा थर चिमटीने सोलून काढावा लागतो. (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.) मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, वर टिनाचं छत. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. स्वस्त डब्यात ८५ अंशांचे कॅपॅसिटर, चांगल्यात १०५ चे. वीस अंशांचा फरक म्हणजे चौपट आयुष्य, हा हिशोब तुम्हाला मी सांगायला नको.

त्यात व्होल्टेज. संध्याकाळी किंवा मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं. बल्ब मंद होतो, पंखा हळू फिरतो, पण एसएमपीएस मुळीच सुस्तावत नाही. त्याला पलीकडे ठरलेले वॅट द्यायचेच असतात, म्हणून व्होल्टेज पडलं की तो उलट जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. १७० व्होल्टवर तेच काम करायला २३० च्या मानाने पस्तीस टक्के जास्त करंट. ज्याच्या लेबलावर इनपुट '१००-२४०' लिहिलेलं आहे आणि आत खरोखर तसं सर्किट आहे तो हे सोसतो. बाकीचे एक तर मशीन रीस्टार्ट करतात नाहीतर जळतात. २००५ ते २०१२ च्या काळात दहा-दहा तासांचं भारनियमन सोसलेल्या मराठवाड्यात गेलेली लाइट परत येताना काय काय घेऊन येते हे वेगळं सांगायची गरज नाही. (जुन्या डब्यांच्या मागे ११५/२३० असा एक लाल खटका असायचा. एमएस-सीआयटीच्या लाटेत उघडलेल्या क्लासेसमध्ये एखादं पोरगं तो सरकवून बघायचंच. मग धडाम. असो.)

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं लोक हसत हसत म्हणतात. जमलं तर जमलं, नाही तर आहेच परभणी. सहाशेचा एसएमपीएस हा त्याच हिशोबाचा माल आहे. शहरात जमतो, आणि जिथे जमत नाही तिथे परभणीच असते.

मामांचं उदाहरण सांगतो. माझे मामा सेलू तालुक्यात एका गावात सेवा केंद्र चालवतात. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा. त्यांचं २०११ सालचं मशीन, मधे मदरबोर्ड बदललेला, पण एसएमपीएस मूळचाच. चांगला वजनदार डबा. २०२३ च्या मे महिन्यात पंखा खरखरायला लागला. हिंजवडीत नोकरी करणारा माझा मामेभाऊ सुट्टीला आला होता. त्याने फोनवर दोन मिनिटांत '४५० वॅट' मागवला, आला, बसवला. एकदम शांत! मामा खूश. जुना भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेला.

त्या वर्षी खरिपाला एक रुपयात पीक विमा पहिल्यांदा आला होता, ३१ जुलै तारीख. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे केंद्रासमोर चपलांचा ढीग. पोर्टलचा सर्व्हर मान टाकायचा ते वेगळंच. २७ तारखेला दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि फट्ट करून मामांचं मशीन बंद. जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला पठ्ठ्या. आउटपुटचं व्होल्टेज वर उडालं की पलीकडे जोडलेलं जे नाजूक असेल ते मरतं. मामांनी मला फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, लाज होती. "लोकं सकाळपासून बसलेत रे. कागदं घेऊन बसलेत. काय सांगू त्यांना?" दोन दिवस केंद्र बंद. त्यांच्याकडचे लोक एकमेकांच्या गाडीवर बसून सेलूला गेले, एकेकाचा दिवसभराचा रोज बुडाला. त्यात दोन म्हाताऱ्या बायका होत्या, त्यांना मामांनी स्वतः नेऊन आणलं. दीडशे रुपयांच्या पंख्याची ही किंमत, आणि ती ज्यांनी मोजली त्यातल्या एकालाही एसएमपीएस म्हणजे काय हे माहीत नाही.

मामेभावाला मी हे ऐकवलं तर म्हणतो, "दादा, आवाज तर गेला होता ना." खरंच आहे. तक्रार आवाजाची होती, आवाज गेला, तिकीट क्लोज.

बरं, मग दुरुस्ती करणारे करत का नाहीत? परभणीत स्टेशन रोडच्या बाजूला एक जुने मेकॅनिक आहेत, आता दुकानात मुख्यतः मोबाइलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास लटकतात. त्यांना मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साहेब, उघडून बघायचे शंभर मागितले तर लोक भांडतात. नवीन डब्याचे सातशे गपचूप देतात. मला त्यात दीडशे सुटतात आणि वर सोल्डरचा धूर पण नाही. मी कामून डोकं लावू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला वस्तूचे पैसे द्यायला काही वाटत नाही, हाताच्या कसबाचे द्यायचे म्हटले की आपण हिशोब मागतो. आणि हे कोण म्हणतंय, तर ज्यांचा स्वतःचा पगार तासाच्या बिलिंगवर चालतो ते! तुमच्या कंपनीने क्लायंटला नुसतं 'इन्व्हेस्टिगेशन'चं बिल लावलं तर चालतं, मेकॅनिकने डबा उघडून बघायचे शंभर मागितले की तो लुटारू.

सगळंच दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, हे इथे नीट सांगतो, नाहीतर खाली लोक तेवढंच धरून बसतील. डब्याला जळका वास येत असेल, मोठा कॅपॅसिटर फुटलेला असेल, किंवा मुळात तो वर सांगितलेल्या हलक्या जातीचाच असेल, तर त्यावर पाच रुपयेही घालवू नका. दुय्यम बाजूचे दोन-चार छोटे कॅपॅसिटर फुगले असतील आणि डबा दमदार असेल तर ते बदलण्यात अर्थ आहे, दहा-वीस रुपयांना एक मिळतो. आणि नवा घ्यायचाच असेल तर खरा घ्या. २००४ पासून '८० प्लस' नावाचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के पलीकडे पोचते. अडीच-तीन हजारांपासून पुढे मिळतात. ३००-३५० खऱ्या वॅटचा पुरतो. माझं भांडण आहे ते मधल्या रस्त्याशी, जो सगळ्यात सोपा आहे आणि जो सगळे घेतात: चांगला जुना फेकून वाईट नवा बसवणं.

सरकारी बाजूने म्हणाल तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार विभाग. चांगलंच आहे. पण ज्या डब्यावर कंपनीचा धड पत्ता नाही त्याचं मॅन्युअल कुणाकडे मागायचं?

खरं तर डेस्कटॉपला हा हक्क फुकट मिळालेला होता. इंटेलने १९९५ साली एटीएक्स आणलं, तेव्हापासून डब्याचं माप, स्क्रूची भोकं, कनेक्टर सगळं ठरलेलं. कुठलाही कुठेही बसतो. आणि तेही आपण घालवतोय. मोठ्या ऑफिसांत जी ब्रँडेड छोटी मशीनं असतात, त्यांतल्या बऱ्याच मशीनांत एसएमपीएसचा आकार वेगळा, मदरबोर्डचा कनेक्टरही वेगळा. तिकडे एएमसी असते, कुणाला काही कळत नाही. पाच वर्षांनी हीच मशीनं 'सीएसआर' म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, फोटो निघतात, आणि पहिल्या उन्हाळ्यात एक एसएमपीएस गेला की जिंतूर किंवा गंगाखेडच्या कुठल्याच दुकानात त्याला बसेल असा डबा मिळत नाही. मग मशीनवर कापड घालून ठेवतात. अशी कापडं मी तीन शाळांत पाहिलीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. म्हणजे ऑफिसांतून डेस्कटॉपच्या थप्प्या निघणार, आणि त्यातल्या काही 'दान' म्हणून आमच्याकडे येणार. तुमच्यापैकी कुणी अशा यादीवर सही करणार असाल तर दोन गोष्टी करा. साधे एटीएक्स एसएमपीएस बसतील तीच मशीनं पाठवा. आणि वेगळ्या आकाराची पाठवायचीच असतील तर दहा मशीनांमागे दोन जादा एसएमपीएस आणि चार पंखे खोक्यात टाका. लिनक्स टाकून पाठवलंत तर दुधात साखर. हे पंखे टी-शर्ट आणि बॅनरच्या बजेटमध्ये आरामात बसतात.

ता. क. – कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्यात एसएमपीएसचा दोष असेलच असं नाही. त्याच्या फिल्टरमधले छोटे कॅपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज तरंगतं, करंट अगदी थोडा, पण जाणवतो. गावाकडे थ्री-पिन प्लगची तिसरी पिन तोडून टू-पिन सॉकेटात घालायची पद्धत आहे, ती आधी बंद करा. मामांच्या केंद्रात आता नवीन अर्थिंगचा खड्डा घेतलाय, मीठ-कोळसा घालून. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि जमीन वाळते, म्हणून एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायचं. ते काम मामींनी अंगावर घेतलंय.